विरजण बाहेरचं, दूध घरचं: सल्लागाराच्या फीमधून कारखान्यात नवं काय घडतं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं आणि टेरी टॉवेलच्या (अंगावर लूप असलेल्या टॉवेलच्या) धंद्यात एकच विषय सुरू झाला: दुसरी गिऱ्हाइकं शोधा. दुसरी म्हणजे युरोपातली, आखातातली, नाहीतर देशातली मोठी हॉटेलं. पण युरोपातला खरेदीदार भावाच्या आधी टेस्ट रिपोर्ट मागतो. हॉटेलवाला विचारतो, लाँड्रीत पन्नास वेळा धुतल्यावर टॉवेल किती आटेल? सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण या प्रश्नांचं उत्तर मानांकनात नाही.

मग सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखानदार कुणा जाणकाराला बोलावतो आणि हातात कोटेशन पडतं. धरा, तीन लाख. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख चोपन्न हजार. (नोंदणी असेल तर या चोपन्न हजारांचं क्रेडिट बहुतेक वेळा मिळतं, पण खिशातून आधी जातातच.) आणि घरात वाद सुरू होतो. माग आपले, सूत आपलं, कामगार आपले. हा माणूस कांडीसुद्धा भरणार नाही, मग पैसे कशाचे?

## हे बाहेरचे जाणकार म्हणजे कोण?

अभ्यासकांनी यांना नाव दिलंय: ज्ञानाधारित व्यवसाय सेवा. हा शब्द एकदाच वाचा आणि सोडून द्या. पुढे आपण "जाणकार" म्हणू. ज्याच्या बिलात माल नसतो, तासही नावापुरते असतात, खरी किंमत त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीची असते, तो जाणकार.

यात दोन गोत्रं आहेत. एक व्यावसायिक: सीए, कॉस्ट अकाउंटंट, पेटंट आणि डिझाईन नोंदणीचे वकील, मार्केटिंगवाले, व्यवस्थापन सल्लागार. दुसरं तांत्रिक: टेस्टिंग लॅब, डाईंगचा तज्ज्ञ, जेकार्डचं (विणीतच उमटणाऱ्या नक्षीचं) डिझाईन कॉम्प्युटरवर करणारा, ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवणारा, ऊर्जा लेखापरीक्षक. गेटवरचा सिक्युरिटी गार्ड किंवा ट्रान्सपोर्टवालाही बाहेरचाच, पण तो या यादीत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. काम संपवून तो गेल्यावर तुमच्या माणसांना कालपर्यंत न येणारं काही येऊ लागलं का?

सोलापुरात ही भूमिका नवी नाही, फक्त तिचं बिल निघत नव्हतं. सायझिंगवाल्याला, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्याला, गल्लीतल्या प्रत्येक मागावरचं सूत ठाऊक असतं. कुणाचा ताणा (मागावरचे उभे धागे) जास्त तुटतो, कुणी सुताच्या कुठल्या काउंटवर (जाडीवर) गेलं, हे त्याच्याकडे बसल्या जागी जमतं. रंगाच्या कंपनीचा माणूस डबा विकताना रेसिपीही सांगून जातो. पण तो स्वतःच्या डब्याबाहेरचं सांगणार नाही. फी देऊन घेतलेल्या सल्ल्यात आणि फुकटच्या सल्ल्यात हा मोठा फरक.

## "नवं" म्हणजे शोध लावणं नव्हे

इनोव्हेशन म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि पेटंट येतं. देशोदेशी इनोव्हेशन मोजण्यासाठी जी पुस्तिका वापरतात, तिचं नाव ऑस्लो मॅन्युअल. २०१८ च्या आवृत्तीत तिने दोनच प्रकार ठेवलेत: नवं किंवा सुधारलेलं उत्पादन, आणि नवी किंवा सुधारलेली कामाची पद्धत. जगात पहिलं असण्याची अट नाही. तुमच्या कारखान्याला नवं असलं आणि प्रत्यक्ष वापरात आलं की झालं.

झिरो ट्विस्ट टॉवेल हे नवं उत्पादन. त्यात जवळजवळ पीळ नसलेलं सुती सूत पाण्यात विरघळणाऱ्या धाग्याच्या आधाराने विणतात आणि नंतर गरम पाण्यात तो आधार विरघळवून टाकतात. उरतो तो फुललेला मऊ लूप. दुसरीकडे, प्रत्येक टॉवेल तोलून नोंद ठेवणं ही नवी पद्धत. दुसऱ्यात रुबाब नाही, पण हिशेब बघा. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमला (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) तो ५०६ ग्रॅम भरायला हवा. मागाच्या सेटिंगमुळे तो चार टक्के जड निघाला, तर टॉवेलमागे २० ग्रॅम सूत तुम्ही फुकट वाटता. दिवसाला हजार टॉवेल असतील तर रोज २० किलो. महिन्याचे २६ दिवस धरले तर पाचशे किलोच्या वर. नग मोजून पैसे देणारं गिऱ्हाईक कधीही "टॉवेल जड आहे" अशी तक्रार करणार नाही.

## जवळून पाहू: पाणी न पिणारा टॉवेल

सूत रंगवून विणलेला जेकार्ड टॉवेल. हाताला लोण्यासारखा, पण अंग पुसायला घेतला की पाणी इकडून तिकडे सरकवतो. गिऱ्हाईक लॉट परत पाठवतं. कारखान्यातला पहिला अंदाज बहुधा असा: सूत खराब. सूतवाला बदलतात. फरक नाही. मग महागडा सॉफ्टनर आणतात, म्हणजे माल निदान अजून मऊ तरी लागेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

डाईंगचा जाणकार आल्यावर आधी उत्तर देत नाही. तो टप्प्याटप्प्याचे नमुने मागतो: उकळून धुतलेली लडी, रंगवलेली लडी, मागावरून उतरलेला टॉवेल, शेवटच्या धुलाईनंतरचा टॉवेल, सॉफ्टनर दिलेला टॉवेल. लडी पाण्यावर हलकेच ठेवायची आणि ती बुडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. टॉवेलवर ड्रॉपरने थेंब सोडायचा आणि तो जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. पाचेक सेकंदांत जिरला तर ठीक, मिनिटभर मोत्यासारखा उभा राहिला तर त्याच टप्प्यात दोष.

आता प्रत्येक टप्पा वेगळी गोष्ट सांगतो. पहिलीच लडी तरंगत राहिली तर कापसाचं नैसर्गिक मेण निघालेलं नाही. कॉस्टिक सोड्याचं प्रमाण, तापमान किंवा वेळ कमी पडली. धुलाईनंतरच्या टॉवेलवर आयोडिनचा थेंब टाकला आणि डाग निळा झाला, तर सायझिंगची खळ आत शिल्लक आहे, आणि खळीसोबत दिलेलं मेणचट द्रव्यही असणार. पण समजा इथपर्यंत सगळं ठीक आहे आणि थेंब फक्त शेवटच्या नमुन्यावर उभा राहतोय. मग दोषी आहे सॉफ्टनर. नेहमीचा सिलिकॉन सॉफ्टनर धाग्यावर पातळ थर धरतो. हात फिरवला की सुख, पण पाण्याला मज्जाव. उपाय म्हणजे पाण्याशी जमवून घेणारा, हायड्रोफिलिक जातीचा सॉफ्टनर, तोही मोजून.

यात "नवं" कुठे आहे? सॉफ्टनर बदलला हे नव्हे. तो उद्या दुकानदारही बदलून देईल. नवं हे की कारखान्यात एक ड्रॉपर, एक घड्याळ आणि पाच नमुन्यांची वही आली. पुढच्या लॉटला दोष आला तर कोणत्या टप्प्यावर शोधायचा हे आता रंगखात्यातल्या मुलालाही कळतं. आणि एकदा शोषणाचे सेकंद मोजता यायला लागले की हॉटेलवाल्याला "लवकर शोषणारा टॉवेल" म्हणून आकडा दाखवून विकता येतो.

## ज्ञान आत शिरतं कसं?

याची तीन दारं आहेत. कधी जाणकार स्वतःच नवी गोष्ट घेऊन येतो, उदाहरणार्थ डिझायनरने काढलेला नवा जेकार्ड. कधी तो दुसरीकडे रुळलेली गोष्ट तुमच्याकडे पोचवतो. होजिअरीत जुनं झालेलं तंत्र टॉवेलला नवं असू शकतं. आणि कधी तो काहीच आणत नाही, तुमच्याच माणसांच्या डोक्यातलं बाहेर काढतो.

सगळ्यात कमी किंमत या तिसऱ्या दाराला मिळते, आणि माझ्या मते सोलापुरात खरा माल तिथेच आहे. टॉवेलच्या मागावर दोन ताणे असतात, एक जमिनीचा, एक लूपचा. तीन पिकच्या (तीन आडव्या धाग्यांच्या) टॉवेलमध्ये दोन आडवे धागे जरा लांब, सैल बसतात. तिसऱ्याला फणी पूर्ण ठोकते, तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात आणि ढिला सोडलेला लूपचा ताणा उचलला जाऊन लूप उभा राहतो. लूपचा ताणा गुंडाळलेल्या बीमचा ताण किती ढिला ठेवायचा हे जुना जॉबर (माग लावून देणारा कारागीर) आवाजावरून ओळखतो. विचारलं तर सांगता येत नाही. "हाताला कळतं" म्हणतो. तो रजेवर गेला की लूप आखूड-लांब पडतात आणि वरच्या हिशेबातले २० ग्रॅम तिथूनच गळतात. चांगला जाणकार जॉबरजवळ उभा राहतो, तो ठीक म्हणेल तेव्हा बीमला वजन किती टांगलंय ते मोजतो आणि मागावर खूण करून घेतो. हाताचं ज्ञान आकड्यात उतरलं की ते दुसऱ्या पाळीलाही मिळतं.

इथे एक अडचण खास सोलापूरची. कित्येक मागांवर आपसातलं बोलणं तेलुगूत चालतं. पुण्याहून आलेला सल्लागार इंग्रजी स्लाइड मालकाच्या केबिनमध्ये दाखवतो, मालक मुकादमाला मराठीत सांगतो, मुकादम मागावर तेलुगूत. तीन हातांतून जाताना "का" गळतो आणि नुसतं "कर" उरतं. तक्ता मराठी आणि तेलुगू दोन्हींत भिंतीवर लागला पाहिजे, हे कामाच्या अटीत लिहून घ्या.

## याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा पुरावा कापड गिरण्यांतलाच आहे. स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००८ मध्ये मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ विणकाम कंपन्यांत एक प्रयोग सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला एक महिना नुसती तपासणी. दुसऱ्याला तपासणीनंतर आणखी चार महिने सल्लागार जागेवर, फुकट. नवं मशीन दिलं नाही. शिकवल्या त्या ३८ साध्या पद्धती: सुताच्या गोदामात लेबल लावणं, माग बंद पडल्याची नोंद ठेवणं, दोषांची रोज छाननी, मशीनची ठरलेल्या वेळी देखभाल. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले: सल्लागार मिळालेल्या गटाची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले.

पुढचा भाग कमी लोक सांगतात. २०१७ मध्ये संशोधक परत गेले. स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. तरीही नुसती तपासणी झालेल्या गटापेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते. पद्धती का सुटल्या याची दोन कारणं पुन्हा पुन्हा आली: त्या पाहणारा मॅनेजर नोकरी सोडून गेला, आणि मालकाला वेळ उरला नाही. अजून एक गंमत: या पद्धती एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात पसरल्या, पण शेजारच्या कंपनीत फारशा गेल्या नाहीत.

## मग काहींच्या बाबतीत पैसे वाया का जातात?

घरी दही लावताना विरजण शेजारून आणता येतं. पण दूध थंडगार असेल तर सकाळी ते दूधच राहतं, आणि उकळत्या दुधात घातलं तर नासतं. कोमट दूध आणि रात्रभर न हलवलेलं भांडं ही आपली बाजू. कोहेन आणि लेव्हिन्थल या अभ्यासकांनी १९९० मध्ये कंपन्यांबद्दल नेमकं हेच मांडलं: बाहेरचं ज्ञान तेवढंच पचतं, जेवढं त्या विषयाचं आधीचं ज्ञान आत असतं.

कारखान्याच्या भाषेत, जाणकाराच्या जोडीला आतला एक माणूस हवा. रोज किमान दोन तास मोकळा, वही ठेवणारा, आणि कामगार ज्याचं ऐकतात असा. मालकाचा नुकताच पदवी घेऊन आलेला मुलगा चालेल, पण मुकादम सोबत हवाच. असा माणूस नसेल तर आधी तो तयार करा, सल्लागार सहा महिन्यांनी बोलवा. सगळं बाहेरच्यावर सोपवणं हे उलट टोक. रंगाची रेसिपी, डिझाईन, हिशेब, तिन्ही बाहेर गेले की दोन वर्षांनी कारखान्यात फक्त भाड्याने दिल्यासारखे माग उरतात.

## "आमची गुपितं शेजाऱ्याकडे जातील"

ही भीती खोटी नाही. जो जाणकार दहा ठिकाणचं शिकून तुमच्याकडे येतो, तो तुमचंही शिकून अकराव्याकडे जाणार. त्याचा उपयोगच त्यामुळे आहे. तेव्हा सामान्य ज्ञान आणि खास गुपित वेगळं करा. थेंबाची चाचणी कशी करतात हे पसरलं तर पसरू द्या. तुमची नेमकी रेसिपी, गिऱ्हाइकांची यादी आणि भाव यांवर गोपनीयतेचा करार करा, मुदत लिहून.

नवं डिझाईन असेल तर आधी नोंदणीचा अर्ज, मग प्रदर्शन. डिझाईन कायदा २००० नुसार नोंदणी दहा वर्षांची आणि वर पाच वर्षं वाढवता येते. पण त्याआधी ते कॅटलॉगमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं असेल तर नवेपणाचा दावा कोसळतो. भौगोलिक मानांकन सोलापूर या नावाचं रक्षण करतं, तुमच्या मोराच्या नक्षीचं नाही.

पण भीतीपोटी जाणकाराला आकडेच न दाखवणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. परत आलेल्या मालाची फाईल दाखवायची नसेल तर त्याला बोलवूच नका.

## "सोळा मागांच्या कारखान्याला हे परवडतं का?"

पूर्ण भावाने नेहमी परवडत नाही, म्हणून पूर्ण भावाने घेऊ नका. केंद्राच्या एमएसएमई लीन (छोट्या उद्योगांतली नासाडी कमी करण्याच्या) योजनेत सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. झेड (मालात दोष शून्य, पर्यावरणावर दुष्परिणाम शून्य) प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. दोन्हींसाठी उद्यम नोंदणी लागते. नियम बदलत असतात, अर्जाच्या दिवशी पोर्टल उघडून बघा. एकाच गल्लीतल्या पाच जणांनी मिळून महिन्यातून दोन दिवस डाईंगचा तज्ज्ञ आणला, तर खर्च पाचात वाटला जातो. मोजमाप आणि नोंदीच्या कामाला इंजिनिअरिंग कॉलेजचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही चालतात. डाईंगच्या रेसिपीला मात्र चालत नाहीत.

आणि प्रमाणपत्र म्हणजे इनोव्हेशन नव्हे. कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या ओको-टेक्सच्या स्टँडर्ड १०० मध्ये टॉवेल त्वचेला लागणाऱ्या दुसऱ्या वर्गात येतो, फॉर्माल्डिहाइडची मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम, आणि प्रमाणपत्र वर्षभराचं. ते मिळवण्यासाठी रंगाचे पुरवठादार बदलले, येणाऱ्या प्रत्येक डब्याची नोंद सुरू झाली, तर कारखाना बदलला. एक चांगला नमुना निवडून पाठवला आणि कागद फ्रेम करून लावला, तर फक्त भिंत बदलली.

## काम देताना नेमकं काय करायचं?

प्रश्न एका वाक्यात, आकड्यासकट लिहा. "क्वालिटी सुधारायची आहे" हा प्रश्न नाही. "गेल्या तीन महिन्यांत शंभरात सात टॉवेल लूप ओढल्यामुळे सेकंडमध्ये (दुय्यम मालात) गेले" हा प्रश्न आहे.

सल्लागार येण्याआधी दोन आठवडे स्वतः मोजा. मागाशेजारी एक तक्ता टांगा आणि रकाने पाडा: ताणा तुटला, आडवा धागा तुटला, कांडी संपली, मशीन बिघडलं, लाइट गेली. कामगाराने फक्त रेघ मारायची. आठ तासांत वीस वेळा माग थांबला आणि दर वेळी तीन मिनिटं गेली, तर ४८० मिनिटांतली ६० गेली, साडेबारा टक्के. ही पहिली नोंद नसेल तर शेवटी सुधारणा झाली की नाही यावर नुसता वाद होतो. पुष्कळ कामं फसतात ती इथेच.

त्याने रात्रपाळी पाहिलीच पाहिजे. पुणे इथून अडीचशे किलोमीटर. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला दिवसाचा, मालक उभा असतानाचा कारखाना दिसतो. दोष रात्री दोननंतर बनतात.

जेकार्डची मूळ फाईल, रेसिपीची वही, ईआरपीतला डेटा तुमच्या मालकीचा आणि उघडता येईल अशा रूपात, हे करारात लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी फूल डावीकडे सरकवायलाही पैसे मोजावे लागतील. दोन माणसांना शिकवून जाणं हे कामाचा भाग. एकाला शिकवलं तर तो सोडून गेल्यावर सगळं गेलं.

फी तीन हप्त्यांत द्या: तपासणीचा अहवाल मिळाल्यावर, बदल मागावर आल्यावर, आणि शेवटचा सहा महिन्यांनी. "पी हळद आणि हो गोरी" असं होत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून शाबासकीही देऊ नका आणि भांडूही नका. सहा महिन्यांनी न सांगता मागावर जा आणि भिंतीवरच्या तक्त्यात कालच्या रात्रपाळीच्या रेघा कोणी मारल्यात ते बघा. कामगाराच्या असतील तर शेवटचा हप्ता देऊन टाका. रकाना कोरा असेल, किंवा सगळ्या रेघा एकाच पेनाने सकाळी बसून मारलेल्या दिसत असतील, तर चेक खिशात ठेवा आणि सल्लागाराला अजून एका रात्रीसाठी बोलवा.